मॉरिशसची पळवाट परत उघडू नका

संपादक महोदय,

ब्रिटनशी व्यापार करार 24 जुलै 2025 ला झाला पण परदेशी गुंतवणुकीच्या संरक्षणाचा करार त्यातून बाजूला ठेवलाय, युरोपियन युनियनशीही तो वेगळाच चाललाय. त्यात काय लिहिलं जातंय याकडे आम्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोकांचं लक्ष असायलाच हवं, कारण दाभोळ वीज प्रकल्प आमच्याच गुहागर तालुक्यात झाला.

तो उभारणाऱ्या अमेरिकन एन्रॉन कंपनीबरोबर वीज खरेदीचा करार 1993 चा, 2001 ला प्रकल्प बंद पडला, एवढं सगळ्यांना आठवतं. पुढचं कमी लोकांना माहितीय. प्रकल्पातल्या भागीदार जीई आणि बेक्टेल या कंपन्याही अमेरिकन, आणि अमेरिकेशी आपला गुंतवणूक करारच नव्हता, तरी त्यांनी मॉरिशसमधल्या आपल्या कंपन्या पुढे करून 1998 च्या भारत-मॉरिशस कराराखाली भारतावर आंतरराष्ट्रीय लवादापुढे दावा लावला, आणि शेवटी 2005 ला तडजोड करून ते प्रकरण मिटवावं लागलं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना असा कुठला लवाद होता?

म्हणूनच असे करार कसे करायचे यासाठी सरकारने ठरवलेल्या 2015 च्या नमुना करारातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक, परदेशी कंपनीने आधी पाच वर्षं भारतातल्या कोर्टात दाद मागायची, मगच लवाद. दुसरी, ज्या देशाच्या नावाने संरक्षण मागता तिथे तुमचा खरा धंदा पाहिजे, नुसता पत्ता चालणार नाही. आता यूएईच्या (संयुक्त अरब अमिरातीच्या) करारात पाचाची तीन वर्षं केली, तो 31 ऑगस्ट 2024 पासून लागूही झाला, आणि 2025 च्या बजेटमध्ये अख्खा नमुनाच गुंतवणूकदारांना सोयीचा करणार म्हणून जाहीर केलं.

गुंतवणूक येऊच नये असं मी म्हणत नाही, आमची पोरं कामासाठी मुंबईला जातायत, इथे कारखाना आला तर हवाच आहे. सरकारने मनमानी केली तर कंपनीला दाद मिळालीच पाहिजे, मागच्या तारखेपासून टॅक्स लावला ते चुकीचंच होतं, केर्न या ब्रिटिश तेल कंपनीच्या केसमध्ये 2020 ला 1.2 अब्ज डॉलरचा निकाल आपल्याविरुद्ध गेला आणि 2021 ला कायदा बदलावा लागला. पण टॅक्सची मनमानी वेगळी आणि लोकांच्या विरोधामुळे बदललेला निर्णय वेगळा, हा फरक करारात स्पष्ट लिहिलेला पाहिजे.

आमच्याच जिल्ह्यातल्या नाणारचंच बघा. तिथे होणार असलेल्या तेल रिफायनरीत सौदी अराम्को आणि यूएईची अ‍ॅडनॉक येणार होत्या, 2018 ला सामंजस्य करार झाले, लोक रस्त्यावर उतरले आणि 2019 ला सरकारने तिथलं भूसंपादन मागे घेतलं. तेव्हा कंपन्यांचा खरा पैसा जमिनीत गेलेला नव्हता म्हणून निभावलं. उद्या नाणारऐवजी सुचवलेल्या बारसूला किंवा आणखी कुठे पैसा ओतून झाल्यावर सरकारला असंच मागे यावं लागलं, तर लवादाच्या भीतीने मंत्री लोकांचं ऐकायलाच तयार होणार नाहीत, मला काळजी आहे ती याची.

तेव्हा वाणिज्य आणि अर्थ मंत्रालयाला माझं सांगणं आहे की पाच वर्षांची अट सोडू नका, कागदी कंपन्यांना दार उघडू नका, आणि जमीन, पाणी, मासेमारी यांच्यासाठी घेतलेले निर्णय लवादाच्या बाहेर ठेवा. सह्या व्हायच्या आधी मसुदा मराठीत लोकांसमोर ठेवा आणि किनाऱ्यावरच्या ग्रामसभांना त्यावर म्हणणं मांडायला वेळ द्या.

– एक वाचक, गुहागर