कूलिंग टॉवरला सांडपाणी द्या, पण आधी अमोनिया मोजा

महोदय,

उन्हाळा लागला की खराडी-हिंजवडीतल्या आयटी पार्कांपुढे टँकर उभे राहतात. वातानुकूलनासाठी पाणी गार करणारे यंत्र म्हणजे चिलर. एक हजार टन (शीतकरण क्षमतेचे एकक) क्षमतेचा चिलर पूर्ण भाराने चालला तर त्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कूलिंग टॉवरमधून तासाला साधारण सहा हजार लिटर पाण्याची वाफ होते. यासाठी पिण्याचे पाणी कशाला? नागपूरला कोराडीचे औष्णिक केंद्र भांडेवाडीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरते. त्या प्रकल्पाची सुरुवातीची क्षमता रोज १३० दशलक्ष लिटर होती. २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणाने तर मैलापाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांवर हे बंधन घातले. पुण्यालगत असे केंद्र नाही, पण टॉवर लहान असो वा मोठा, रसायन तेच.

मात्र 'टर्शरी प्रक्रिया' (सांडपाण्यावरची शेवटची, तिसरी प्रक्रिया) या शब्दावर विसंबू नये. वाळूच्या फिल्टरमधून आणि क्लोरिनमधून निघालेले पाणी नितळ दिसते, पण त्यात विरघळलेला अमोनिया आणि फॉस्फेट तसेच राहतात. अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळणेही, ते अडवत नाही. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन आठ ते दहा मिलिग्रॅम क्लोरिन खातो, त्यानंतरच मुक्त क्लोरिन उरतो. मग ऑपरेटर हायपो (क्लोरिनचे द्रावण) वाढवत जातो, क्लोराइड चढते आणि टॉवरमध्ये जिवाणूंचा चिकटा तसाच राहतो. शिवाय अमोनियामुळे पितळी नळ्यांना तडे जातात.

दुरुस्ती एसटीपीच्या (मैलापाणी प्रक्रिया केंद्राच्या) एरेशन टाकीतच, म्हणजे जिथे हवा सोडून जिवाणूंकडून अमोनियाचे नायट्रेट करून घेता येते तिथेच, व्हायला हवी. तिथे विरघळलेला प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास हवा आणि गाळ पुरेसे दिवस टाकीत राहायला हवा. प्रत्येक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) खर्च होते. खडकवासल्याचे पाणी मुळात मऊ, त्यामुळे पुण्यात ती कमी पडू शकते आणि प्रक्रिया अर्ध्यात थांबते. हे सहसा कोणी तपासत नाही.

फॉस्फेटचे दुखणे वेगळे. टॉवरमध्ये वाफ होऊन उरलेल्या पाण्यातले क्षार पाचपट झाले की फॉस्फेट कॅल्शियमबरोबर चिलरच्या नळ्यांच्या गरम भागावर थर धरते. फॉस्फेट काढायला फेरिक क्लोराइड (लोहाचा क्षार) घालायचे तर एक किलो फॉस्फरसला किमान १.८ किलो लोह लागते, प्रत्यक्षात त्याहून जास्त. पण जादा झालेले लोह पुढचे गाळणीचे पडदे (मेम्ब्रेन) बुजवते. फॉस्फेट आटोक्यात नसेल तर तीनपटीवरच थांबावे. तेव्हा ब्लोडाउन, म्हणजे क्षार साठू नयेत म्हणून टॉवरमधून सोडून द्यायचे पाणी, तासाला तीन हजार लिटर होते, पाचपटीला दीड हजार. ही तासाला दीड हजार लिटर पाण्याची बचत चिलर उघडून नळ्या घासण्याच्या खर्चापेक्षा मोठी नाही.

म्हणून महापालिकेने आणि इमारत व्यवस्थापनांनी पाण्याच्या करारात बीओडीबरोबर (सेंद्रिय घाणीचे माप) अमोनिया आणि फॉस्फेटच्या मर्यादाही लिहाव्यात. तांब्या-पितळेच्या नळ्या असतील तिथे टॉवरच्या फिरत्या पाण्यातला अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमच्या आत ठेवावा. ब्लोडाउनचा व्हॉल्व्ह पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणाऱ्या कंडक्टिव्हिटी मीटरवर चालवावा, मनाने नाही. टॉवरमधून उडणाऱ्या तुषारांतून लेजिओनेला हा न्यूमोनिया घडवणारा जिवाणू पसरू शकतो. हे तुषार अडवणारे ड्रिफ्ट एलिमिनेटर फुटके असतील तर हे पाणी सुरूच करू नये.

– एक जलप्रक्रिया अभियंता, पुणे