पहिल्याच दिवशी काला वाटणाऱ्याचं पत्र

ह.भ.प. महाराजांस,

रामकृष्ण हरी.

तुमचं नाव लिहीत नाही. चारचौघांत कौतुक झालं की तुम्ही विषय पावसावर नेता, हे ठाऊक आहे.

2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने कपाशीची वाट लावली, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी तुमच्या गावाला नवा कृषी सहाय्यक. मारुतीच्या पारावर सभा घेतली, फ्लेक्स टांगला आणि वरपासून खालपर्यंत वाचून काढला. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा, डोमकळ्या (अळी शिरलेली, न उमललेली फुलं) वेचून नष्ट करा, फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी) घेऊ नका. चौथ्या मुद्द्याला मागची रांग तंबाखू मळत उठली. तुम्ही शेवटपर्यंत बसलात आणि चहा घेताना म्हणालात, "साहेब, सप्ताहात काला शेवटच्या दिवशी असतो. तुम्ही पहिल्याच दिवशी वाटून मोकळे झालात. आता लोक कशाला बसतील?"

राग आला होता, खरं सांगतो. पण तुमच्या पुढच्या कीर्तनाला मुद्दाम मागे जाऊन बसलो. दोन तास एकच अभंग. दृष्टान्त ऐन रंगात आला की तुम्ही टाळकऱ्यांकडे बघायचात, पखवाज घुमायला लागायचा, आणि माझ्या शेजारची आजी पुढे काय झालं म्हणून मान लांब करून बसायची. मी तर फ्लेक्सवरच्या पूर्णविरामालाही थांबलो नव्हतो.

कपाशीला बोंडं लागल्यावर पुन्हा सभा घेतली. फ्लेक्स नेला नाही. "आपल्यात अळी नाही" म्हणणाऱ्या अण्णांच्याच वावरातून 20 हिरवी बोंडं तोडून आणली. एक वर धरलं. टंच, गुळगुळीत, कुठे भोक नाही. "कसं आहे?" "एक नंबर!" तुमची ताकीद होती, बोंड दाखवा, फोडू नका. म्हणून ते अण्णांच्या हातात दिलं आणि गप्प राहिलो. त्यांनी अंगठ्याने दाबून फोडलं. आत सरकीला चिकटून गुलाबी अळी वळवळत होती, कापसाला पिवळट डाग. पारावर कोणी बोलेना. मग अण्णांनीच विचारलं, "पण ही शिरली कुठून?"

हा प्रश्न आदल्या सभेत कोणीच विचारला नव्हता. उत्तर मात्र मी देऊन बसलो होतो.

अळी बारीक असतानाच आत शिरते आणि मागे भोक बुजून जातं, हे त्या दिवशी सांगायला दोन मिनिटं लागली. 20 बोंडांत दोन जरी किडकी निघाली, किंवा सापळ्यात सलग तीन रात्री आठ-दहा पतंग पडले, तर फवारणीची वेळ झाली, हे लोकांनी स्वतः विचारून घेतलं. फरदडीला तुम्ही 'अळीचं अन्नछत्र' म्हणालात. डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटल्या तर अन्नछत्र बंद. मी अजून तोच शब्द वापरतो.

मग शेफारलो. शेजारच्या गावात फरदडीने बुडालेल्या एका शेतकऱ्याची गोष्ट रंगवून सांगितली. असा शेतकरी नव्हताच. एका पोराने विचारलं, "कोणत्या गावचा?" माझी बोबडी वळली. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. "आमच्या पुराणातल्या राजाचा पत्ता कोणी विचारत नाही, साहेब. तुमच्या शेतकऱ्याचा विचारणारच. खरंच घडलेलं सांगा, लहान असलं तरी चालंल." तेव्हापासून मी पत्ता असलेलीच गोष्ट सांगतो, आणि ती ज्याची असेल त्याला आधी विचारतो. अण्णांनी तर "माझंच बोंड सांगा" म्हणून परवानगी दिली आहे.

घरी मात्र याचा त्रास आहे. "दळण आणलं का?" एवढंच बायको विचारते आणि मी गिरणीतल्या गर्दीपासून सुरुवात करतो. ती म्हणते, "महाराजांना सांगा, एवढं शिकवायला नको होतं." निरोप पोचवला.

यंदाच्या सप्ताहाला येतोय. तुमच्या बांधावरच्या सापळ्यातली ल्यूर, म्हणजे वासाची गोळी, बदलायला झाली असेल, नवी घेऊन येतो. आणि बसायला मागेच, त्या आजींच्या शेजारी.

तुमचा,
कृषी सहाय्यक