मामा, तुमच्या शिसपेन्सिलीसाठी

मामा,

मंगळवारी तुम्ही समोर बसलेले असताना मला नीट बोलताच आलं नाही, म्हणून हे पत्र.

स्टार्चच्या प्लेटवर आयोडीन ओतलं, प्लेट निळीजांभळी झाली आणि आपल्या ११७ नंबरच्या जंतूभोवती बोटभर रुंद स्वच्छ कडं उमटलं. तेवढ्या जागेतला स्टार्च जंतूने खाऊन टाकलेला. तुम्ही नुसतं "आहे की!" म्हणालात आणि चहा मागितलात.

जंतूंच्या नळ्यांचा फ्रीझर बंद पडला त्या आठवड्याबद्दल अजून कुणी नीट बोलत नाही. दोन दिवस वीज नव्हती आणि जनरेटरकडे कुणी बघितलं नाही. मग कुणीतरी उत्साहाने ओल्या नळ्या स्पिरिटने पुसून काढल्या. मार्करची नावंही पुसली गेली. झाकणं सैल, आत पाणी शिरलेलं, सगळ्या नळ्या बेवारशी. ११७ चं रोजच्या वापरातलं कल्चर तर पुन्हापुन्हा सबकल्चर करून, म्हणजे एका प्लेटवरून दुसरीवर वाढवून, केव्हाच कमजोर झालेलं. वर सल्ला काय, तर "परत यूव्हीखाली धर, मिळेल." कसं मिळेल? त्या अतिनील दिव्याखाली बहुतेक पेशी मरतात आणि वाचलेल्यांत बदल कुठे होईल याचा नेम नाही. चार हजार कॉलन्या मोजल्यावर ही एक सापडली होती. कापडाची खळ काढायला जे अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारं एन्झाइम, लागतं, ते मूळ जंतूपेक्षा कितीतरी जास्त देणारी. दुसऱ्या एका ठिकाणी मदत मागितली, तर त्यांनी फॉर्म पाठवला.

आणि तुम्ही, लॅबमधून निवृत्त होऊन तीन वर्षं झालेला माणूस, एसटीने आलात, जुनं कपाट उघडलंत आणि मागून कापसाचा बोळा लावलेली नळी काढलीत. दोनदा ऑटोक्लेव्ह केलेली, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलेली कोरडी माती, तिच्यात माझ्या ११७ चे, त्या बॅसिलस जंतूचे, बीजाणू. ना फ्रीझ, ना वीज.

पण मामा, मी रडले ती नळी बघून नाही. लेबलवर तुम्ही शिसपेन्सिलीने तारीख, ११७ आणि माझं पूर्ण नाव लिहिलं होतं. ज्या जंतूच्या अहवालात माझं नाव कुठेच नाही, त्याच्या नळीवर होतं. आणि तुम्ही म्हणता, "शिसं स्पिरिटने जात नाही ना, म्हणून."

पेनिसिलिनची गोष्ट आम्हाला वर्गात शिकवतात. १९४३ साली अमेरिकेत पिओरियाच्या बाजारातलं बुरशी आलेलं खरबूज, मग त्या बुरशीवर क्ष-किरण, मग अतिनील किरण, दर पिढीला वाढत गेलेलं उत्पादन. त्या पिढ्या नळ्यांत भरून, नावं घालून कुणी सांभाळल्या, ते मात्र कुणी शिकवत नाही. तिथेही कुणी मामा असणारच.

काल मी नवीन दहा नळ्या भरल्या. लेबलं पेन्सिलीनेच लिहिली, माझ्या नावाखाली तुमचंही. माती तुम्ही कुठून आणायचात ते विचारायचं राहिलं. मी बागेतली चाळून घेतली आहे. चालेल ना? कळवा.

तुमची,
११७ वाली