एका हंगामाची कादंबरी

प्रिय गड्या,

कादंबरी कुठवर आली, असं तू विचारलंस. पानं सांगून उत्तर होणार नाही, म्हणून सगळंच लिहितो.

माझ्या लिहिण्याच्या खोलीत सध्या कापूस भरलाय, पार आढ्यापर्यंत. भाव चढेल या आशेवर गावात कोणीच माल बाहेर काढत नाहीये, आम्हीही नाही. कापूस घरात मुरला की अंगाला खाज सुटते, तुला माहीतच आहे. म्हणून टेबल उचलून सपरीत आणलं. पहाटे तिथे बरीच थंडी असते, आईची गोधडी पांघरून बसतो. वेचणीच्या बाया यायच्या आत जे होईल ते लिखाण. नंतर दिवस वावराचा. मोटारीची लाईन रात्रीची असली की तो आठवडा पहाटेचं लिहिणं बुडतंच, कारण रात्रभर गव्हाला पाणी देणं चालू असतं. पण एक वाफा भरून पाणी दुसऱ्यात वळवेपर्यंत धुऱ्यावर बसायला वेळ मिळतो, आणि खरं सांगू, गिरजाची कितीतरी वाक्यं मला तिथेच सापडलीत. खिशात छोटी वही असते. बॅटरी दातात धरून लिहितो.

गिरजा म्हणजे माझ्या कादंबरीतली बाई. तीन पिढ्यांचा मोठा पट मांडायचा माझा विचार तुला सांगितला होता, तो मी मोडून टाकला. आता एकच हंगाम आहे, १९७२चा. सीतादहीपासून फरदडीपर्यंत, म्हणजे वेचणीच्या आधीच्या पूजेपासून हंगामाच्या शेवटच्या कापसापर्यंत, बस. व्यापाऱ्याला बाजूला सारून सरकारनं सगळा कापूस स्वतः घ्यायला सुरुवात केली, तो हा हंगाम. एकाधिकार खरेदीवर लोक पुष्कळ बोलतात, पण कायद्याच्या आणि भावाच्या अंगानं. मला त्या योजनेत बैलबंडीवर बसलेली बाई दिसते. वर्षानुवर्षांचा ओळखीचा अडत्या गेला, त्याच्या जागी कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आला, पावती आली आणि चुकाऱ्याची, म्हणजे मालाच्या पैशाची, वाट पाहणं आलं. सोसायटीचं कर्ज चुकाऱ्यातूनच कापून घ्यायचे, म्हणून कित्येकांनी आपला कापूस सोयऱ्याधायऱ्यांच्या नावावर घातला. हे आपण दोघांनीही लहानपणी मोठ्यांच्या बोलण्यातून ऐकलंय. माझी अख्खी कादंबरी या एका गोष्टीवर उभी आहे. गिरजा विधवा, नवऱ्याचं कर्ज डोक्यावर. ती कापूस भावाच्या नावानं घालते. पावती भावाच्या खिशात. पुढे काय होतं, ते अजून मलाही पुरतं ठाऊक नाही. भाऊ लबाड निघाला असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण तो लबाड नाही. त्याच्याही घरात लेकीचं लग्न आहे. दोघांनाही खरी गरज आहे आणि पैसा एकाच घराला पुरेल एवढा. तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा लिहितोय. दर वेळी मी कोणाच्या तरी बाजूला झुकतो आणि ते पान मेल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट मात्र पक्की आहे. या कादंबरीत फास येणार नाही. वऱ्हाडातली गोष्ट म्हटली की वाचणारा पहिल्या पानापासून दोर शोधायला लागतो, आणि लिहिणाराही तो त्याच्या हाती देतो. मरणाऱ्यांचं दुःख मी नाकारत नाही, आपल्या आळीतली दोन घरं मी रोज पाहतो. पण त्याच आळीत दरवर्षी पुन्हा तिफण धरणारी माणसं आहेत. ती कशाच्या बळावर धरतात, हे कोणी नीट लिहिलेलं मला सापडत नाही. मला तेच लिहायचंय. गिरजा मरणार नाही, जिंकणारही नाही. मृगात ती पुन्हा सरकी टोबेल.

रोज संध्याकाळी आईला वाचून दाखवतो. परवा वेचणीचा प्रसंग वाचला, त्यात गिरजा शेजारणीशी मन मोकळं करते. आई मधेच म्हणाली, "वेचता वेचता इतकं कोणी बोलत नसते, बाप्पा. बोंड सोडलं का हात थांबते, अन् हात थांबला का रोज बुडते." मग मी ते सगळं बोलणं काढलं, नुसते हात ठेवले. प्रसंग निम्मा झाला आणि आता वाचताना आई गप्प असते. तिचं गप्प बसणं मला कुठल्याही अभिप्रायापेक्षा मोठं वाटतं.

जिनाचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याचं, प्रकरण झालं. एका म्हाताऱ्या कामगाराकडे जाऊन बसत होतो. क्विंटलभर कापसातून रुई निघते तेहतीस-चौतीस किलो, बाकी बहुतेक सरकीच. आणि रुईची एक गठाण, म्हणजे दाबून बांधलेली गाठ, १७० किलोची. म्हणजे गिरजाच्या पाच क्विंटलांची जेमतेम एक गठाण. हा हिशेब कळला तेव्हा मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. एवढ्या बाईचं वर्ष, आणि ते दोन माणसं ढकलत नेतात त्या एका गाठीत मावतं.

आपली शकुंतला रेल्वेही कादंबरीत आहेच. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, आपल्या दारव्ह्यावरून जायची. कापूस वाहायलाच ती लाईन टाकली होती. वाफेचं इंजिन १९९४पर्यंत होतं, म्हणजे आपण दोघंही त्या धुरात बसलेलो. गिरजाकडे घड्याळ नाही, तिचा दिवस गाडीच्या शिट्टीवर चालतो. यापलीकडे मी गाडीला काही काम दिलेलं नाही. जुन्या आठवणींचे कढ काढायला लागलो तर गिरजा मागे पडते.

आता अडलोय खरेदी केंद्राच्या रात्रीवर. आणि इथे मला तुझी, म्हणजे काकाजींची गरज आहे. त्यांनी मापारी म्हणून, माल काट्यावर मोजत, यार्डात उमर काढली. त्यांना निवांत वेळी विचार. नंबर लागेपर्यंत बंड्या रात्रभर थांबायच्या, तेव्हा बाया कुठे निजायच्या? बैलांना कडबा घरून आणायचे की तिथे विकत मिळायचा? ग्रेडर बंडीच्या वरचाच कापूस पाहायचा, की आत हात घालून मधला काढायचा? एखादी बाई एकटीच माल घेऊन आली तर मापारी तिच्याशी कसे बोलायचे? आणि दुसऱ्याच्या नावावर माल घातलाय हे काट्यावरच्या माणसाला कळत असेल ना? कळून ते काय करायचे? हे शेवटचं फार जपून विचार. त्यांना सांगायचं नसेल तर आग्रह करू नको.

ते बोलतील तसंच्या तसं लिहून घे, सुधारू नको. वहिनींना नमस्कार. फरदड उपटून झाली की इकडे ये, तोवर ते प्रकरण वाचण्याजोगं झालेलं असेल.

तुझाच