बाई, तुम्ही मला पत्ते दिलेत

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

हे पत्र कल्याणला तुमच्या लेकीच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. पण तुम्ही ते वाचून, घडी करून कपाटात ठेवाल आणि पुन्हा विषय काढू देणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून उघडच लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, गावाचंही नाही. ज्यांना ओळखायचं ते 'वाचनालयातल्या बाई' एवढ्यावर ओळखतील.

आपली ओळख पुस्तकांमुळे नाही झाली, पिग्मीमुळे झाली, म्हणजे पतसंस्थेच्या रोजच्या बचतीच्या वसुलीमुळे. बाजारपेठेतली वसुली उरकत मी संध्याकाळी साडेपाचला वाचनालयाचा जिना चढायचो. तुमचे रोजचे वीस रुपये ड्रॉवरमध्ये पेपरवेटखाली तयार असायचे. 'ब' वर्गाचं वाचनालय, अनुदानाचा हप्ता कधी येईल त्याचा नेम नाही, पगार चारचौघांत सांगण्यासारखा नाही, पण वीस रुपये कधी चुकले नाहीत. एकदा पावती देताना माझ्या बॅगेतून फुलस्केपची चळत खाली सरकली. तुम्ही ती गोळा करून दिलीत. 'वा, तुम्ही लिहिता!' असं म्हणाला नाहीत. विचारलंत, "कुठं पाठवता?"

मी म्हटलं, "कुठं पाठवायचं असतं?"

माझं वय तेव्हा एकतीस. घरात एका ट्रंकेत सतरा कथा. त्या लिहिताना कधी अडलं नव्हतं, पण लिहून झाल्यावर पुढं काय करतात हे सांगणारं आसपास कुणीच नव्हतं. पुण्या-मुंबईकडं काहीतरी असतं, तिथं ओळख लागते, एवढीच आमची माहिती. तुम्ही कपाटातून एक दोनशेपानी वही काढलीत. तिच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'कुठे काय चालते'.

त्या वहीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण वाचनालयाच्या सभासदांनाही ती माहीत नव्हती. दिवाळी अंक योजनेसाठी वाचनालयात चाळीसेक अंक यायचे. सभासदांच्या हाती जाण्याआधी तुम्ही प्रत्येक अंकाचं श्रेयनामावलीचं पान वाचायचात. संपादक कोण, पत्ता काय, ईमेल कुठला, साहित्य कधीपर्यंत मागवलंय, कथास्पर्धेची चौकट कुठं कोपऱ्यात छापलीय, सगळं वहीत उतरायचं. वर्तमानपत्रांतली निवेदनं कापून, डकवून, त्यावर तारीख. आणि समासात तुमचे शेरे: 'उत्तर देतात.' 'उत्तर देत नाहीत, पण छापतात.' 'मानधन वेळेवर.' 'लांबलेलं चालत नाही.' एका नावापुढं फक्त 'नको'. असं का, ते मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तुम्ही चहा मागवलात.

मला वाटलं होतं, आता पत्ते उतरवून घ्यायचे आणि सुटायचं. तुम्ही पत्ता एकही दिला नाहीत. नऊ अंक दिलेत, गेल्या वर्षीचे. म्हणालात, "आधी ही घरं बघून या. मग कुणाच्या दारात काय घेऊन जायचं ते कळेल." ते नऊ अंक वाचायला मला दोन महिने लागले. 'आवाज'चा पिंड विनोदाचा आणि खिडकीचित्रांचा, 'नवल' गूढ-अद्भुताकडं झुकणारा, धुळ्याहून निघणारं 'कवितारती' फक्त कवितेला वाहिलेलं, बालभारतीचा 'किशोर' मुलांसाठी. हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं, पाठवणारा मात्र नेमका विसरतो. माझी विहिरीतल्या भुताची कथा मी तोवर मनातल्या मनात 'साधना'ला पाठवून ठेवली होती. साने गुरुजींनी काढलेल्या साप्ताहिकाला भूत! तुम्ही हसला नाहीत, याचे वेगळे आभार.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. मी आपला गणपती उठले की दिवाळी अंकांचा विचार करायचो. तुम्ही सांगितलंत, दिवाळी अंकाची दिवाळी जूनमध्ये असते. उन्हाळ्यात कथा हातात हवी, जून-जुलैत निवड, मग चित्रं, जुळणी, जाहिराती, छपाई. गणपतीत अंक छापखान्यात असतो, तेव्हा तुमच्या पाकिटाला कोण विचारतो? पिग्मीवाल्याला हे पटवायला वेळ लागत नाही. मुदत संपल्यावर आलेला हप्ता मीही कुणाचा धरत नाही.

आणि एकदा मी हिरमुसून "आपल्यासारख्यांना कोण छापणार" म्हणालो, तेव्हा तुम्ही तो हिशेब मांडलात. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून शंभरावर वर्षं झाली, मराठी माणूस चकलीबरोबर कथा मागतोय. दर वर्षी शेकडो अंक निघतात. "एवढी पानं मोठ्या नावांनी भरत नाहीत हो," तुम्ही म्हणालात. "मोठी नावं दहा जागी लिहून दमतात. उरलेली पानं कुणीतरी भरायचीच असतात." धीर देण्याची याहून कोरडी पद्धत मी पाहिलेली नाही, पण मला तीच लागू पडली.

आता माझ्या चुकांकडं येतो. त्या तुम्ही कुणाला सांगितल्या नाहीत, म्हणून मीच सांगतो.

पहिल्या वर्षी मी एकच कथा तीन ठिकाणी पाठवली. तिघांपैकी कुणीतरी घेईल, असा व्यापारी हिशेब. दोघांनी घेतली. दिवाळीत एकाच कथेला दोन वेगवेगळी चित्रं पाहून मला आनंद झाला होता, हे आज कबूल करायला लाज वाटते. मग एका संपादकांचा फोन आला. आवाज न चढवता ते जे बोलले, ते मी वाचनालयात येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही तिथल्या तिथं दोन आंतरदेशीय पत्रं माझ्यापुढं ठेवलीत आणि दोघांनाही माफी लिहायला लावलीत. कारणं लिहायला लागलो तर म्हणालात, "कारणं खोडा. चूक झाली, एवढंच राहू दे." त्यातल्या एका संपादकांनी दोन वर्षांनी माझी दुसरी कथा घेतली. 'सदर कथा स्वतंत्र व अप्रकाशित असून अन्यत्र पाठवलेली नाही' हे वाक्य मी आता सहीच्या आधी दोनदा वाचतो. व्हॉट्सअॅपच्या गटावर किंवा फेसबुकवर टाकलेली कथासुद्धा पुष्कळ स्पर्धांत 'प्रकाशित' धरतात, हेही तुम्हीच दाखवून दिलंत. तोवर ट्रंकेतल्या चार कथा मी कौतुकाच्या अंगठ्यांसाठी खर्ची घातल्या होत्या.

दुसरी चूक तुमच्या ओळखीच्या आधीची. एका प्रातिनिधिक काव्यसंग्रहासाठी 'निवड झाली' असं पत्र आलं होतं. बाराशे रुपये सहभाग शुल्क, वर दहा प्रती विकत घ्यायची अट. सोहळ्याला गेलो तर शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, प्रमाणपत्र, सगळं होतं. साठेक कवी रांगेत उभे. ऐकायला कुणी नाही, कारण सभागृहातले सगळेच कवी. माझी कविता पान सत्तेचाळीसवर निघाली, तिच्यावर फोटो दुसऱ्याच कुणाचा. त्या दहा प्रती अजून माळ्यावर आहेत. हे ऐकून मात्र तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात, आणि मग डोळे पुसून वहीचं शेवटचं पान उघडलंत. तिथं तुमचे प्रश्न होते: परीक्षकांची नावं आधी सांगतात का? गेल्या वर्षीचा निकाल कुठं वाचायला मिळतो का? पैसे कोणाकडून कोणाकडं जातात? शुल्क घेणारी प्रत्येक स्पर्धा खोटी नसते, हे तुम्ही बजावलंत. एखादं लहान मंडळ पन्नास-शंभर रुपये घेऊन टपाल आणि बक्षिसांचा खर्च भागवतं. पण ज्या स्पर्धेत सगळेच जिंकतात, तिथं आपण स्पर्धक नसून गिऱ्हाईक असतो, असं तुमचं मत. माझंही आता तेच.

हक्कांचं कलम वाचायची सवयही तुमचीच. 'आलेल्या साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' या ओळीवरून माझी नजर घसरून जायची. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. हे मला एका ग्रंथपाल बाईंनी वसुलीच्या वेळेत उभ्याउभ्या शिकवलं. पतसंस्थेच्या कर्जाचा फॉर्म गिऱ्हाइकाला पूर्ण वाचायला लावणारा मी, स्वतःच्या कथेचा कागद न वाचता सही करत होतो.

'नाव आतल्या पानावर कुठेही लिहू नये' या नियमाचा मला राग यायचा. एवढी कथा लिहायची आणि नाव वेगळ्या चिठोऱ्यावर? तेव्हा तुम्ही जयंत नारळीकरांची हकिकत सांगितलीत. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. आपलीच आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं. जगात नाव झालेल्या माणसानं जे मुद्दाम लपवलं, ते माझ्याकडं लपवण्यासारखंही नव्हतं. पुढच्या वर्षी मीही परिषदेच्या चुनाभट्टीच्या पत्त्यावर एक विज्ञानकथा पाठवली. विज्ञान कच्चं होतं, काही झालं नाही. पण त्यासाठी आमच्या विहिरीतलं भूत पहिल्यांदा तपासून पाहिलं, तेव्हा तिथं मिथेन निघाला. त्या कथेचं पुढं वेगळंच काही झालं, ते नंतर.

टंकलेखनाचा किस्सा थोडक्यात. चौकातल्या डीटीपीवाल्यानं जुन्या फॉण्टमध्ये कथा टाइप करून ईमेल केली, आणि पलीकडं पोचली ती रोमन अक्षरांची भेळ. तुम्ही म्हणालात, युनिकोड शिका. तीन आठवड्यांत शिकलो, तोही मोबाइलवर, गिऱ्हाइकांच्या दुकानांसमोर उभं राहून. काही संपादक अजून टपालच पसंत करतात. त्यांच्यासाठी पाकिटात तिकिटं लावलेलं परतीचं पाकीट. मला पोस्टातल्या रजिस्टरची पावती जपायची सवय. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालं, तेव्हा खिडकीवर मला उगाच चुटपुट लागली.

'साभार परत'ची माझी पहिली चिठ्ठी तुमच्याकडं घेऊन आलो होतो, आठवतं? तुम्ही ती वाचलीत, मागची तारीख बघितलीत आणि म्हणालात, "चांगलं आहे. हे उत्तर देतात." आणि वहीत त्या नावापुढं तशी नोंद केलीत. मी सांत्वनाची वाट बघत उभा. तुम्ही मला वहीत रकाने आखून दिलेत: कथा, कुठं, कधी पाठवली, कधी परत, पुढं कुठं. अगदी पिग्मीच्या खात्यासारखे. आजवर त्यात अकरा 'साभार परत', सात मौनं, चार छापून आलेल्या कथा आणि एक 'उत्तेजनार्थ' आहे. 'उत्तेजनार्थ' हा शब्द मला फार आवडतो. बक्षीस न देता पाठीवर थाप मारायची सोय याहून नेमकी कुठल्या भाषेत असेल असं वाटत नाही. ते उत्तेजनार्थ बक्षीस विहिरीतल्या मिथेनचं. भूत मी काढून टाकलं, विहीर ठेवली, आणि ती साधी कौटुंबिक कथा झाली.

तुम्ही माझ्या कुठल्याही कथेला आजवर चांगली म्हटलेलं नाही. मीही विचारलं नाही. बाकीच्यांनी कौतुक केलं, ते त्या त्या वेळी गोड लागलं आणि संपलं. तुमच्याकडून मात्र कथा कुठं बसेल ते कळलं.

निवृत्तीच्या दिवशी समितीनं तुम्हाला शाल दिली आणि तुम्ही मला वही दिलीत. तिच्यात मध्येच खूण म्हणून एक कात्रण होतं, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचं. ज्याचं एकही पुस्तक निघालेलं नाही, त्याच्या पहिल्या पुस्तकासाठी. कात्रणावर पेन्सिलीनं 'याला सांगणे' असं तुमच्या अक्षरात. मी यंदा नऊ कथांचं हस्तलिखित मंडळाच्या प्रभादेवीच्या पत्त्यावर पाठवलंय. निकाल नाही आलेला. आला तर रकाना भरीन, नाही आला तरी भरीन.

वही आता माझ्या बॅगेत असते. नव्या ग्रंथपालांना मी दाखवली, त्यांनी निम्मी मोबाइलवर चढवूनही घेतली. गेल्या पंधरवड्यात अकरावीतली एक मुलगी सायकल लावून माझ्या मागं मागं तीन दुकानं फिरली. कवितांची वही होती तिच्याकडं. ती काही बोलायच्या आधीच मी विचारलं, "कुठं पाठवतेस?" तिला अजून पत्ता दिलेला नाही. 'किशोर'चे चार अंक आणि 'कवितारती'चे दोन दिलेत. नाराज होऊन गेली.

तब्येतीला जपा. गुडघ्याचं कळवा.

तुमचा,
पिग्मीवाला

ता. क. : वहीच्या मधल्या पानावर तुम्ही पेन्सिलीनं एक पत्ता लिहून पुढं 'यांना विचारायचं' एवढंच ठेवलंय. कुणाचा पत्ता, काय विचारायचं, काही नाही. आठवलं तर सांगा. तुमच्या नावानं मीच विचारतो.