वर्गणीची खरी रक्कम शोधाच्या निकालातच दिसावी

महोदय,

ओटीटी सेवा असो, वृत्तपत्राची डिजिटल आवृत्ती असो की स्पर्धा परीक्षेचा ऑनलाइन वर्ग, तिची वर्गणी भरण्याचा विचार बहुधा गुगलवर शोध घेताना दिसलेल्या दोन-तीन ओळींपासून सुरू होतो. अशा ओळी लिहिणे हा माझा व्यवसाय आहे आणि त्याच अनुभवातून एक आग्रहाची मागणी आपल्या वृत्तपत्रातून मांडू इच्छितो. ज्या ओळीत मोफत किंवा सवलतीच्या मुदतीचा उल्लेख असेल, त्याच ओळीत ती मुदत संपल्यावर किती रक्कम आणि किती काळाने कापली जाईल, हेही लिहिलेले असले पाहिजे.

यावर नेहमी मिळणारे उत्तर म्हणजे जागा अपुरी आहे. जागा कमी आहे हे खरेच. गुगलवरील शोध-जाहिरातीत एका मथळ्याला ३० आणि वर्णनाच्या एका ओळीला ९० चिन्हांची मर्यादा असते. त्यातच युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, देवनागरीचा प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण ही स्वतंत्र चिन्हे असल्यामुळे मराठीत लिहिणाऱ्याची अडचण थोडी वाढते. तरीही पुढील ओळ पाहावी. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत : ‘१५ दिवस मोफत. नंतर दरमहा १९९ रुपये, करासह. कधीही स्वतःच्या खात्यातून बंद करता येते.’ मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून ही ८३ चिन्हे होतात. मोफत मुदत, पुढची रक्कम, कर आणि सेवा बंद करण्याची सोय, एवढे सगळे सांगूनही सात चिन्हांची जागा उरते. जागा खरोखर खाल्ली जाते ती ‘भारतातील सर्वोत्तम’, ‘अमर्याद आनंद’, ‘आजच सामील व्हा’ अशा शब्दांनी, आणि त्यांतून वाचणाऱ्याला निर्णयासाठी काहीच मिळत नाही. थोडक्यात लिहायचे तर काय गाळायचे हे ठरवावेच लागते, परंतु गाळण्याच्या यादीत रक्कम सर्वांत आधी जावी, हे मला व्यवसायाच्या दृष्टीनेही चुकीचे वाटते. पुढची किंमत ठाऊक असूनही जो ग्राहक येतो, तो खात्यातून पहिल्यांदा पैसे कापले गेल्यावर तक्रार करून निघून जात नाही.

बाहेरच्या वाचकाला सहसा माहीत नसलेली एक बाब येथे सांगणे आवश्यक आहे. आज या जाहिराती अखंड मजकूर म्हणून लिहिल्याच जात नाहीत. जाहिरातदार एका जाहिरातीसाठी जास्तीत जास्त १५ मथळे आणि ४ वर्णने भरून देतो आणि त्यांतले कोणते तुकडे, कोणासमोर, कोणत्या क्रमाने ठेवायचे हे यंत्रणा ठरवते. एका वेळी फार तर तीन मथळे आणि दोन वर्णने दिसतात. त्यामुळे ‘पहिला महिना मोफत’ हे एका तुकड्यात आणि पुढचा दर दुसऱ्या तुकड्यात लिहिला, तर दोन्ही एकत्र दिसतील याची कोणतीही खात्री नसते. लिहिणाऱ्याच्या मनात लबाडी नसली तरी वाचणाऱ्यापर्यंत अर्धेच वाक्य पोहोचते, आणि ज्या तुकड्यावर जास्त लोक क्लिक करतात त्याला यंत्रणा झुकते माप देत असल्यामुळे मोफतचा तुकडाच पुढे राहण्याचा संभव अधिक. म्हणून सवलत आणि नंतरची रक्कम एकाच तुकड्यात, एकाच वाक्यात बांधणे हा खात्रीचा मार्ग आहे. एखादा तुकडा ठरावीक जागी ‘पिन’ करण्याची सोय उपलब्ध आहे, पण ती दुय्यम उपाय म्हणून वापरावी.

जाहिरात नसलेल्या, नैसर्गिक निकालांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे वर्णनाला ठरावीक मर्यादा नसते. पडद्याच्या रुंदीप्रमाणे मजकूर कापला जातो आणि अनेकदा गुगल आपण दिलेले वर्णन बाजूला ठेवून पानावरील मजकुरातूनच ओळी उचलते. म्हणून वर्गणीचे दर केवळ आकर्षक चित्रात न ठेवता पानावर साध्या अक्षरांत लिहावेत आणि वर्णनात ते अगदी सुरुवातीला घ्यावेत, म्हणजे शेवट कापला गेला तरी रक्कम टिकून राहील.

कायद्याची दिशाही हीच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत सांगितलेल्या १३ प्रकारांत वर्गणीचा सापळा आहे आणि किमतीचा काही भाग आधी दडवून नंतर उघड करणेही आहे. शिवाय ही तत्त्वे सेवा देणाऱ्या मंचांइतकीच जाहिरातदारांनाही लागू आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या कापणीची सूचना किमान २४ तास आधी ग्राहकाला द्यावी लागते आणि तीत व्यापाऱ्याचे नाव, रक्कम व कापणीची वेळ नमूद करावी लागते. मोबाइलवरील छोट्याशा संदेशात जी माहिती बसते, ती ग्राहकाला बोलावताना लिहिलेल्या ओळीत बसत नाही, असे म्हणणे पटण्यासारखे नाही. आणि कापणीच्या आदल्या दिवशी आलेल्या सूचनेने पैसे वाचू शकतात हे खरे असले, तरी इतर दहा संदेशांच्या गर्दीत तो एक संदेश वेळेवर वाचला जाईलच असे नाही. विशेषतः ज्यांची सेवा घरातल्या मुलाने किंवा नातवाने सुरू करून दिलेली असते, अशा ज्येष्ठांच्या बाबतीत.

मराठी प्रकाशकांनी यात पुढाकार घ्यावा, असे मला मनापासून वाटते. आपल्या मासिकांच्या आतील पानावर ‘वार्षिक वर्गणी, टपालखर्चासह’ असा उल्लेख करण्याची पद्धत जुनी आहे. वर्गणीदाराला वर्षाकाठी एकूण किती पैसे द्यायचे हे एका ओळीत कळत असे. डिजिटल आवृत्तीच्या शोध-मजकुरातही ‘वर्गणी’, ‘दरमहा’, ‘करासह’, ‘बंद करा’ हे सर्वांना समजणारे शब्द वापरून तेच सांगता येईल.

भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ‘ॲस्की’ने, सवलतीचा दर आणि नंतरचा दर शोध-जाहिरातीच्या एकाच तुकड्यात असावा असा स्पष्ट नियम करावा, आणि तोपर्यंत वर्गणी सेवांनी तो स्वतःहून पाळावा. वाचकांनाही एक विनंती आहे. नोंदणी करण्यापूर्वी शोधाच्या निकालाचे छायाचित्र म्हणजे स्क्रीनशॉट जपून ठेवावा, कारण दाखवली जाणारी जाहिरात दर वेळी बदलू शकते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना आपल्याला नेमके कोणते शब्द दाखवले गेले, याचा दुसरा पुरावा हाती नसतो.

आपला विश्वासू,
एक मजकूर लेखक, ठाणे