उसने दहा आले कुठून?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

असरचा, म्हणजे खेड्यातल्या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचा, रिपोर्ट आला की पेपरात बातमी येते, पाचवीच्या पोरांना दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही, तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता येत नाही, आणि मग आठ-दहा दिवस सगळे शिक्षकांवर तुटून पडतात, पगार किती, सुट्ट्या किती, काम काय. मग आमचे लोक उत्तर देतात की आम्हाला निवडणुकीची कामं आहेत, ऑनलाइन माहिती भरायची आहे, पोषण आहाराचा हिशोब आहे, वेळ कुठंय. दोन्हीकडचं बोलणं काही खोटं नाही. पण एक गोष्ट राहूनच जाते आणि ती आम्ही शिक्षक आपसात सुद्धा बोलत नाही म्हणून हे पत्र लिहितेय.

मी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तेवीस वर्षं झाली. प्राथमिकचं गणित आणि मराठी आम्हा सगळ्यांना करता येतं, त्यात वाद नाही. पण ते तसंच का करायचं हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना पक्कं माहीत नाही, कारण आम्हाला ते कुणी शिकवलंच नाही. मला पण माहीत नव्हतं.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट आहे. तिसरीचा वर्ग, फळ्यावर ५२ वजा २७. मी नेहमीसारखं सांगितलं, दोनातून सात जात नाहीत, मग शेजारच्या पाचाकडून एक उसना घ्या, झाले बारा. खिडकीजवळ बसणारा एक मुलगा होता, वडील दुसऱ्याच्या केळीच्या बागेत कामाला. तो उभा राहिला आणि म्हणाला, बाई, एक मागितला ना, मग दहा कसे काय दिले त्याने? वर्ग हसला. मी म्हटलं, तसंच करायचं असतं, बस खाली. तो बसला पण बसता बसता म्हणाला, माले समजनं नई. माझ्याकडे उत्तर नव्हतं हो. मला दिवसभर ते टोचत राहिलं, घरी स्वयंपाक करताना पण तेच डोक्यात, कारण पोराचा प्रश्न बरोबर होता आणि मी बारावीला गणितात चांगले मार्क घेऊन डी.एड. केलेली बाई त्याला गप्प करून आले होते.

पुढे दोन-तीन वर्षांनी एका वयस्कर गुरुजींच्या वर्गात मी पाहिलं, त्यांनी तुरीच्या काड्या मोडून दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधून ठेवलेले. बावन्न म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. त्यातून सत्तावीस द्यायच्या. दोन सुट्यांतून सात निघत नाहीत, मग एका गठ्ठ्याचं रबर काढायचं, दहा काड्या मोकळ्या झाल्या, झाल्या बारा सुट्या आणि गठ्ठे राहिले चार. बस. इथे कुणी कुणाला उसनं दिलेलंच नाही. उसनं घेतलं तर परत करावं लागतं, वजाबाकीत कोण परत करतं? हे तर सुट्टे करणं आहे, दुकानदाराला सात रुपये द्यायचेत आणि खिशात दहाची नोट आहे तेव्हा आपण जे करतो ते. तेव्हापासून मी वर्गात उसने हा शब्दच बंद केलाय, सुट्टे म्हणते, पोरांना पहिल्या दिवशी कळतं.

आता हेच न कळलेल्या पोराची वही बघा. ४०३ वजा १७८, उत्तर लिहिलंय ३७५. आपण लाल पेनाने फुली मारतो, चूक, पुन्हा सोडव. पण ते पोर निष्काळजी नाहीये, त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय, आठातून तीन, सातातून शून्य, चारातून एक, आणि सगळीकडे अगदी नियमाने केलंय. त्याला पुन्हा दहा गणितं दिली तर तो दहाही तशीच चुकवणार. फुली मारायला कुणीही चालतं, ३७५ बघून पोराच्या डोक्यात काय चाललंय ते ओळखायला शिक्षकाला स्थानिक किंमत आतून कळलेली असावी लागते.

मराठी आकड्यांचं तर विचारू नका. त्रेसष्ट म्हटलं की पोर आधी तीन ऐकतं आणि ३६ लिहून मोकळं होतं. एकोणसाठ मध्ये साठ ऐकू येतं, पण लिहायचं ५९. एकोणनव्वद म्हणजे ८९, मग ९९ ला एकोणशंभर म्हणायला पाहिजे ना, तर नाही, तिथे नव्व्याण्णव. २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर किती गदारोळ झाला, टिंगल झाली. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मॅडम समजावून सांगत होत्या की आपल्याकडे बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा आहे, त्यात जोडाक्षरं, लहान मुलांना ते जड जातं. पटो न पटो, निदान समजून तरी घ्यायला हवं होतं. आमच्या स्टाफरूममध्ये चर्चा झाली ती पण बाहेर चालली होती तशीच. पोरं ६३ चं ३६ का करतात हा प्रश्न त्या चर्चेत कुणीच काढला नाही, मी पण नाही, आणि आकडे रोज शिकवणारे तर आम्हीच होतो.

मराठी विषयात पण तेच. आपल्याकडे खान्देशात बोलीत ळ चा य होतो, डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी. पहिली-दुसरीचं पोर वहीत केयी लिहितं तेव्हा त्याने कानाला ऐकू येतं ते अगदी बरोबर लिहिलेलं असतं, त्याला अक्षर आणि आवाजाचा संबंध कळलाय, वाचन-लेखनाचं अर्धं काम झालंय! पण बाहेरच्या जिल्ह्यातून बदली होऊन आलेल्या सरांना वाटतं पोराला काही येत नाही, आणि इथले असतील तर म्हणतात, गावठी बोलू नको. त्यापेक्षा दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, घरी केयी, पुस्तकात केळी, तर पंधरा मिनिटांत होतं. सातपुड्याच्या पाड्यांवर, अक्राणी-अक्कलकुवा भागात, घरात पावरी किंवा भिली असते, तिथे तर पहिल्या दिवसापासून पुस्तकाची मराठी म्हणजे परकी भाषाच. आणि रफार? सूर्य मध्ये र आधी बोलतो आणि चिन्ह मात्र य च्या डोक्यावर, क्रम मध्ये र पायाशी, ट्रक मध्ये आणखी वेगळा, तऱ्हा मध्ये चौथाच. का, कुठे, कोणता, हे शिक्षकाला नीट सांगता येत नसेल तर पोर चित्रासारखं पाठ करतं आणि नवीन शब्द आला की अडकतं.

मला कुणी म्हणेल शिक्षक जास्त शिकलेले घ्या म्हणजे सुटेल. तसं नाहीये. लिपिंग मा या संशोधक बाईंचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, त्यांनी अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे गणित दिलं आणि त्यावर एक गोष्ट तयार करायला सांगितली. अमेरिकेतल्या फक्त ९ जणांचं गणिताचं उत्तर पूर्ण बरोबर निघालं, चीनमधल्या सगळ्या ७२ जणांचं. आणि शिक्षणाची वर्षं मोजली तर चीनचे शिक्षक कमी शिकलेले होते! ते पाठ्यपुस्तक घेऊन एकत्र बसायचे, एकेका धड्यावर बोलायचे, ही गोष्ट कशी समजावू, पोरं कुठे अडकतात. आपण आपल्याकडे करून बघा, पावणेदोन लिटर दूध आहे, अर्ध्या लिटरच्या पिशव्या किती भरतील? साडेतीन. डेअरीवर बसणारा माणूस झटक्यात सांगेल. पण अपूर्णांक उलटा करून गुणा असं शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना विचारा उलटा का करायचा, तर बरेच जण गप्प होतील.

पोरांचं पण तसंच असतं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात माल विकणाऱ्या मुलांवर अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो या अर्थतज्ज्ञांनी काम केलं, ते २०२५ ला नेचर या विज्ञानाच्या मासिकात आलं, की तोंडी अवघड हिशोब करणाऱ्या या मुलांना शाळेतली तशीच गणितं जमत नाहीत आणि शाळेतल्या मुलांना बाजारातला हिशोब जमत नाही. आमच्याकडे पण आठवडे बाजारात आईबरोबर भाजी विकायला बसणारी मुलगी शंभरच्या नोटेतून चौतीस रुपये कापून बाकी परत देते आणि सोमवारी पाटीवर १०० वजा ३४ चुकवते. तिची अक्कल कमी नाही. बाजार आणि पाटी यांच्यामधली फळी आम्ही टाकायची असते, ती आमच्याकडेच नाही.

मग आमची ट्रेनिंग कशी होतात ते सांगते. उन्हाळ्यात किंवा सत्राच्या मधेच, शंभर-दीडशे जण एका हॉलमध्ये, पंखे फिरतायत, स्लाइड पुढे सरकतेय, निपुण भारत ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, २०२६-२७ पर्यंत तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचन आणि गणिताचा पाया यायला पाहिजे, अध्ययन निष्पत्ती, स्तर, कृती. उद्दिष्ट चांगलंच आहे, माझा त्याला विरोध नाही. पण दिवसभरात एकदाही कुणी आम्हाला पाटी देऊन म्हणत नाही की बाई, हातचा म्हणजे काय ते समजावून सांगा. शेवटी ग्रुप फोटो, हजेरीची लिंक, आणि चहा. काही सुलभक, म्हणजे ट्रेनिंग देणारे, फार मनापासून घेतात, पण त्यांना पण वरून आलेली स्लाइड संपवायची असते.

आता टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, टेन्शन आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी बाकी आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. मी २००२ ला लागले, महाराष्ट्रात टीईटीच २०१३ ला आली, म्हणजे मी पण त्यात. मी अभ्यास करतेय, रात्री मुलीचं झालं की पुस्तक घेऊन बसते. परीक्षा नको असं मी म्हणणार नाही, पोरांची घेतो तर आपली का नको. पण पहिल्या पेपरात १५० मार्कांचे पर्याय निवडायचे प्रश्न असतात, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, बालमानसशास्त्र प्रत्येकी ३०. त्यातून मला ५२ वजा २७ येतं का ते कळेल. खिडकीजवळच्या पोराला मी ते समजावू शकते का, ते कसं कळणार?

आणि एक अडचण अशी की आमच्यात कुणी म्हणूच शकत नाही की मला हे येत नाही. म्हटलं की चेष्टा, नाहीतर साहेबांच्या कानावर. म्हणून झाकून ठेवतात आणि पुढचे वीस-पंचवीस वर्षं वर्गाला तेच झाकलेलं मिळतं.

माझी मागणी छोटी आहे. दर महिन्याला केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, शिक्षकांची शिक्षण परिषद होतेच, नवीन जीआर नको, नवीन ॲप नको, पैसा नको. त्यातला एक तास फक्त विषयाला द्या. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या चुकलेल्या वह्या आणायच्या, एकच मुद्दा घ्यायचा, या महिन्यात वजाबाकी, पुढच्या महिन्यात जोडाक्षर, मग अपूर्णांक, आणि पोरं असं का लिहितात यावर बोलायचं. डाएटच्या, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेच्या, एखाद्या जाणकार मॅडमना किंवा जवळच्या हायस्कूलच्या गणिताच्या सरांना बोलवायचं. त्या तासाला मार्क नाहीत, फोटो नाही, लिंक नाही, आणि कोण काय बोललं ते केंद्रप्रमुखांनी वर कळवायचं नाही. शिक्षणाधिकारी साहेबांनी एवढं एक पत्र काढलं तरी काम सुरू होईल.

तोपर्यंत मी थांबणार नाहीये. आमच्या केंद्राच्या पुढच्या परिषदेला मी तिसरीच्या वजाबाकीच्या वह्या आणि तुरीच्या काड्यांचे गठ्ठे घेऊन जाणार आहे. विषयपत्रिकेत वेळ मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर जेवणाच्या सुट्टीत बाहेर व्हरांड्यात बसेन. ज्यांना यायचंय त्यांनी आपापल्या वर्गाच्या वह्या आणा, चुकलेल्याच आणा.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. चोपडा, जि. जळगाव